मोबाईलवरचा पावसाचा नकाशा कसा वाचावा?



तोडणीची टोळी फडात घालायची की थांबवायची, युरियाचा हप्ता आज द्यायचा की उद्या, नदीकाठची मोटर वर ओढायची की राहू द्यायची, हे आता आपण मोबाईलवर पावसाचा नकाशा बघून ठरवितो. पण पुष्कळदा नकाशात एक दिसते आणि शिवारात दुसरेच घडते. मग "हवामानवाले फसवतात" असे म्हणून आपण मोकळे होतो. कधी अंदाज चुकतो हे खरे. पण कधी अंदाज बरोबर असूनही तो वाचण्यात घोळ होतो. हा घोळ कुठे होतो ते क्रमाने पाहू.

१) वेळ : नकाशावर 'यूटीसी' किंवा 'झेड' लिहिले असेल तर ती जागतिक वेळ समजावी. आपले घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. तिथले ०० म्हणजे आपली पहाटेची ५.३० आणि १२ म्हणजे संध्याकाळची ५.३०. शिवाय हवामान खाते चोवीस तासांचा पाऊस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा मोजते. म्हणून मंगळवारच्या नोंदीत बराचसा पाऊस सोमवारचाच असतो.

२) बेरीज : काही नकाशे तीन तासांचा पाऊस दाखवितात, काही सुरुवातीपासूनची एकूण बेरीज. समजा, चोवीस तासांवर ४० मिलिमीटर आणि अठ्ठेचाळीस तासांवर ५५ मिलिमीटर दिसले. तर दुसऱ्या दिवसाचा पाऊस ५५ नव्हे, वजाबाकी करून १५ धरावा. नकाशा दिवसेंदिवस गडदच होत चालला, कुठेच फिका पडेना, तर ती बेरीज आहे हे ओळखावे.

३) एकक आणि रंग : ४ सेंटिमीटर म्हणजे ४० मिलिमीटर. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४ हजार लिटर पाणी. रंगाची पट्टी प्रत्येक ॲपची निराळी असते. तेव्हा आधी पट्टी वाचावी, मग रंग बघावा. नकाशातला लाल पट्टा म्हणजे हवामान खात्याचा 'रेड अलर्ट' नव्हे. तो इशारा खाते स्वतंत्रपणे देते.

४) चौकोन : संगणक सगळ्या मुलखाचे चौकोन पाडतो आणि एका चौकोनाला एकच आकडा देतो. चौकोन १२ किलोमीटरचा असेल तर १४४ चौरस किलोमीटरला एकच पाऊस! ॲप मधले रंग गुळगुळीत करते, म्हणून प्रत्येक वाडीचा वेगळा अंदाज असल्यासारखे वाटते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने विकसित केलेल्या, २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टीम'मध्ये हा चौकोन ६ किलोमीटरचा झाला आहे. तरीही महाबळेश्वरपासून २० किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीला पाऊस साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढाच पडतो, हे ध्यानात घ्यावे. घाटाजवळच्या गावांनी एका आकड्यावर विसंबू नये.

५) जागा : मोटर काढायची तर आपल्या गावावरचा रंग बघून चालत नाही. कृष्णेला पाणी येते ते महाबळेश्वर, नवजा, कोयना या भागातल्या पावसाने आणि धरणांच्या विसर्गाने. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. काठावर ऊन पडलेले असतानाही नदी फुगू शकते. म्हणून घाटमाथ्याचा नकाशा, धरणाचा विसर्ग आणि पुलाची पातळी ही तिन्ही एकत्र पाहावीत.

शेवटचे आणि सोपे काम : एक पर्जन्यमापक उघड्या जागी बसवावा आणि रोज सकाळी ८.३० ला आकडा वहीत लिहावा. शेजारी नकाशाचा आकडाही लिहावा. एका पावसाळ्यात कोणता नकाशा आपल्या शिवाराला जवळचा आणि कोणता लांबचा, ते वहीच सांगेल. मग टोळी बोलाविताना आणि मोटर ओढताना तर्कावर भागवावे लागणार नाही.