रणांगणावरील अंकगणिती

कलाशाखेचा विद्यार्थी आणि गणित यांचा संबंध शालान्त परीक्षेबरोबर संपतो, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो बराचसा खराही आहे. तथापि ज्या खेळाविषयी प्रस्तुत लेख आहे, तो खेळणाऱ्याला विभाज्यतेच्या कसोट्या आणि मूळ संख्यांची यादी पुन्हा पाठ करावी लागते. तीही तलवारी, राजवाडे आणि मंत्रविद्या यांनी भरलेल्या एका मध्ययुगीन कथेत. खेळाचे नाव ‘फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स’. जपानमधील स्क्वेअर या कंपनीने तो १९९७ साली प्लेस्टेशन या यंत्रासाठी काढला. दिग्दर्शक यासुमी मात्सुनो. इव्हालिस नावाच्या काल्पनिक देशातील दोन सरदार-पक्षांचे गादीसाठी झालेले युद्ध हा त्याचा विषय असून, इंग्लंडच्या इतिहासातील ‘गुलाबांच्या युद्धांची’ (१४५५ ते १४८७) आठवण वाचकाला झाल्यावाचून राहत नाही.

खेळाची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे. पटावर चौकोन असतात, पण बुद्धिबळासारखा हा पट सपाट नसतो. टेकड्या, पायऱ्या, छपरे असतात आणि प्रत्येक चौकोनाला उंची असते. प्रत्येक योद्ध्याला एक पेशा असतो. सर्वसामान्य शिपायाला घेता येतील असे वीस पेशे मूळ खेळात आहेत: धनुर्धर, चोर, मल्ल, निन्जा, गायक, नर्तकी इत्यादी. एका पेशात प्रावीण्य मिळविले की दुसऱ्याचे दार उघडते. या विसांपैकी एकाचे जपानी नाव ‘सान्जुत्सुशी’, म्हणजे अंकगणित जाणणारा. १९९८ च्या इंग्रजी आवृत्तीत त्याला ‘कॅल्क्युलेटर’ म्हटले गेले आणि २००७ च्या सुधारित आवृत्तीत ‘अरिथमेटिशियन’. मराठीत ‘कॅल्क्युलेटर’ म्हटले की किराणा दुकानातील यंत्र डोळ्यांसमोर येते आणि ‘गणक’ म्हटले की पंचांग उघडून बसलेला जोशी. म्हणून मी ‘अंकगणिती’ हा शब्द वापरतो.

या पेशाचे वैशिष्ट्य समजण्यासाठी इतर मांत्रिकांची स्थिती आधी पाहू. सामान्य मांत्रिकाला मंत्र म्हणावयास मनःशक्ती खर्चावी लागते, मंत्र सिद्ध होईपर्यंत ताटकळावे लागते, आणि ठराविक अंतरापलीकडे तो पोहोचत नाही. मंत्र सिद्ध होईतो शत्रू निघून जातो किंवा मांत्रिकाचाच गळा धरतो. अंकगणित्याला यांपैकी एकही बंधन नाही. शक्ती खर्च होत नाही, वेळ लागत नाही, अंतराचा प्रश्नच नाही. मात्र लक्ष्य निवडण्याचा अधिकार त्याला नसतो. त्याने तीन गोष्टी सांगावयाच्या. प्रथम गुण: पातळी, अनुभव, उंची किंवा पाळीचा भरणा यांपैकी एक. मग संख्या: ३ ची पट, ४ ची पट, ५ ची पट किंवा मूळ संख्या. शेवटी मंत्र. त्या क्षणी रणांगणावर ज्याचा ज्याचा तो गुण त्या संख्येत बसेल, त्या प्रत्येकावर मंत्र पडतो. मग तो शत्रू असो की आपला सख्खा सोबती.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या पाच योद्ध्यांच्या पातळ्या २२, २२, २३, २५ आणि २६ आहेत. शत्रूच्या चौघांच्या २१, २४, २४ आणि २७. ‘पातळी, ३ ची पट, अग्नी’ असे म्हटले की चारही शत्रू भाजून निघतात आणि आपल्यापैकी एकाच्याही केसाला धक्का लागत नाही. ‘पातळी, मूळ संख्या, उपचार’ म्हटले की फक्त आपला २३ पातळीचा माणूस बरा होतो. पण त्याच पटावर कोणी ५ ची पट घेतली, तर एकही शत्रू सापडत नाही आणि आपला २५ चा गडी मात्र होरपळतो. वजाबाकी चुकली तर परीक्षेत दोन गुण जातात. येथे माणूस जातो.

ही कल्पना अगदीच आकाशातून पडली असे नाही. याच मालिकेच्या १९९२ मधील पाचव्या खेळात ‘लेव्हल फाइव्ह डेथ’ नावाचा मंत्र होता. ज्या शत्रूची पातळी ५ ने भागली जाई, तो त्याने मरे. त्या वेळी ती एक गंमत होती. ‘टॅक्टिक्स’मध्ये त्या गमतीचे शास्त्र झाले.

आता संख्यांचा विचार करू, कारण खरा रस तेथेच आहे. पातळी १ ते ९९ असते. त्यांत ३ च्या पटी ३३, ४ च्या २४ आणि ५ च्या १९. म्हणून ३ ही संख्या सर्वांत अधिक लोकांना लागते, आणि खेळ रचणाऱ्यांनी ती शिकण्याची किंमतही सर्वांत जास्त ठेवली आहे. ५ सर्वांत स्वस्त आहे. येथवर व्यवहार चोख. मूळ संख्यांच्या बाबतीत मात्र गंमत आहे. शंभरच्या आत त्या २५ आहेत, म्हणजे ४ च्या पटींपेक्षा एक जास्तच; तरी त्या ४ पेक्षा स्वस्तात शिकता येतात. रचनाकारांची ही चूक म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. मूळ संख्या सारख्या अंतरावर नसतात. ५० पर्यंत त्या १५ आणि पुढे शंभरापर्यंत केवळ १०. योद्ध्यांची पातळी वाढत जाते तशी मूळ संख्येची धार बोथट होत जाते. उलट लहान संख्यांत त्या दाट असतात. १ ते ७ या सातांत २, ३, ५, ७ अशा चार मूळ संख्या आहेत. ज्या पटावर जमिनीची उंची लहान अंकांतच आहे, तेथे ‘उंची, मूळ संख्या’ हे शस्त्र ३ च्या पटीपेक्षाही मोठे ठरते. युक्लिडचे नाव घेतल्याबरोबर जांभई देणारा विद्यार्थी हे चार लढायांत आपोआप शिकतो!

चार गुणांचा स्वभावही भिन्न आहे. पातळी हळूहळू बदलते, म्हणून तिच्यावर आधारलेला बेत लढाईपूर्वीच आखता येतो. अनुभवाचा आकडा मात्र लढता लढता सरकत राहतो. त्यावर भरवसा ठेवणे म्हणजे संधी दिसेल तेव्हा साधणे. उंची हा एकच गुण असा, की जो खेळाडूच्या हातात आहे. आपली माणसे एका पायरीने वर किंवा खाली घेतली की ती संकटाबाहेर पडतात. पाळीचा भरणा सर्वांत चंचल, कारण तो घड्याळाच्या प्रत्येक टिकटिकीला वाढतो.

या भरण्यातच अंकगणित्याची शिक्षा दडलेली आहे. प्रत्येक योद्ध्याचा वेग दर टिकीला त्याच्या भरण्यात मिळविला जातो आणि बेरीज १०० झाली की त्याची पाळी येते. ८ वेगाच्या योद्ध्याचे १३ टिक्यांत १०४ होतात. तो चालला आणि लढला की १०० वजा होऊन ४ उरतात, आणि पंचविसाव्या टिकीला त्याची दुसरी पाळी येते. अंकगणित्याचा वेग इतरांच्या सुमारे निम्मा, म्हणजे समजा ४. त्याची पहिलीच पाळी पंचविसाव्या टिकीला येते. शरीर दुर्बळ, आणि हाती शस्त्र म्हणून धरतो ते ग्रंथ. कौशल्याचे गुण कृती केल्यावर मिळतात. पाळ्या कमी म्हणून कृती कमी, कृती कमी म्हणून विद्या मंद. त्यातही हा पेशा मिळण्यापूर्वी पुरोहित, जादूगार, कालमांत्रिक आणि भविष्यवेत्ता या चारही विद्यांत बरीच मजल मारावी लागते. शिवाय त्या पेशांत जे मंत्र प्रत्यक्ष शिकले असतील, तेच अंकांच्या साहाय्याने म्हणता येतात. आवाहनमंत्र आणि सर्वांत मोठे संहारमंत्र तर अजिबात नाहीत.

मग हा हालअपेष्टांचा पेशा कोणी का धरावा? कारण शिकलेली अंकविद्या दुय्यम कौशल्य म्हणून दुसऱ्या पेशात नेता येते. चपळ, मंत्रबळ अधिक असलेल्या जादूगाराला ही विद्या दिली की खेळाचा रंगच पालटतो. एक युक्ती तर खेळाडूंत सर्वश्रुत आहे. सरड्याचे नाव असलेला एक झगा खेळात मिळतो. तो घालणाऱ्यावर ‘होली’ हा पवित्र मंत्र पडला तर इजा होण्याऐवजी तो बरा होतो. सर्वांना तो झगा चढवावा आणि अंक जुळेल तसा ‘होली’ म्हणत सुटावे. शत्रू कोसळतात, आपले लोक टवटवीत होतात.

यामुळे खेळाचा तोल बिघडतो, अशी तक्रार अनेक जण करतात. तक्रार खोटी नाही. एकदा ही विद्या पूर्ण झाली की पुष्कळ लढाया औपचारिक उरतात. पण झग्याची युक्ती आणि अंकविद्या या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्यात, असे माझे मत आहे. झगा घातला की हिशेब करण्याची गरजच उरत नाही, आणि या पेशाचा आत्मा हिशेबात आहे. झग्याशिवाय खेळून पाहावे. प्रत्येक पाळीला नऊ-दहा जणांचे आकडे डोळ्यांखालून घालावे लागतात, आणि बहुधा असा प्रसंग येतोच की तीन शत्रू आणि एक मित्र एकाच पटीत सापडतात. त्या एकाला पणाला लावावयाचे काय? तलवारबाज योद्ध्याला हा प्रश्न क्वचित पडतो.

कथेच्या संदर्भातही हा पेशा मला अर्थपूर्ण वाटतो. इव्हालिसमध्ये सगळे काही जन्मावर ठरते. नायक रामझा थोर घराण्यातला, त्याचा मित्र डेलिटा सामान्य कुळातला, आणि त्या भेदातूनच शोकांतिका उभी राहते. अशा जगात कूळ, पक्ष, निष्ठा यांपैकी काहीही न विचारता केवळ २४ ला ३ ने भाग जातो एवढेच पाहणारी शक्ती लेखकांनी ठेवली. ती न्यायी आहे असे म्हणवत नाही. साथीच्या रोगासारखी ती निःपक्षपाती आहे.

२०२५ साली या खेळाची नवी आवृत्ती निघाली, त्यामुळे आजच्या यंत्रांवरही तो खेळता येतो. नव्याने आरंभ करणाऱ्याने प्रथम ‘उंची’ आणि ‘५’ शिकावे, कारण दोन्ही फार महाग नाहीत आणि उंचीवर आपला ताबा असतो. ३ साठी धीर धरावा. आणि पहिल्या काही लढायांत शेजारी कागद-पेन्सिल ठेवण्यास लाजू नये.