आधी मोजपट्टी, शेवटी करवत

तुझा निरोप मिळाला. पावसाळा संपता संपता सायकलच्या पुढच्या सस्पेन्शन फोर्कने मान टाकली, नळ्यांवर गंज चढला, दाबला की खाली बसतो आणि वर यायला वेळ घेतो. दुकानदार म्हणतो, याची सील मिळत नाहीत, अख्खा फोर्कच बदला. पुण्यात दर दिवाळीच्या सुमारास हे ऐकू येतं. सिंहगड, पाबे घाट, ताम्हिणी असं चार महिने सायकल चिखलातून काढली आणि तो चिखल सीलपाशी वाळू दिला, की स्वस्तातला स्प्रिंगचा फोर्क एवढाच टिकतो. तू आता त्या जागी साधा, न हलणारा फोर्क बसवायचा म्हणतोस. माझ्या मते विचार उत्तम आहे. तुझं निम्मं फिरणं डांबरी रस्त्यावर आणि उरलेलं कच्च्या वाटांवर. त्यासाठी अडीच किलोचं लोखंड पुढे वागवायची गरज नाही. स्टीलचा साधा फोर्क किलो-सव्वा किलोत बसतो, आणि त्यात बिघडण्यासारखं काहीच नसतं. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीच्या डोंगरांत १९७६ साली ज्या सायकलींवरून पोरांनी उतारावरच्या शर्यती लावल्या, त्यांना बहुतेक साधेच फोर्क होते. हलणारे फोर्क बाजारात रुळले ते १९९० नंतर.

पण दगडाळ उतारावरून वेगात खाली येणं हाच तुझा आनंद असेल, तर हा नाद सोड. तिथे सस्पेन्शनच लागतं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या दुकानात वडील फोर्कला चिमटा म्हणायचे, आणि गिऱ्हाईक चिमटा मागायला आलं की पहिला प्रश्न चाकाच्या मापाचा असायचा. तेव्हा तेवढं पुरायचं. तुझ्या सायकलीला ते पुरत नाही. तुझी फ्रेम ज्याने आखली, त्याने पुढे अमुक इतका उंच फोर्क असेल असं धरून सगळे कोन काढले आहेत. म्हणून २७.५ इंची चाकाचा फोर्क द्या, एवढं म्हणून भागत नाही. फोर्कची लांबी विचार. लांबी म्हणजे चाकाच्या आसाच्या मध्यापासून, वर जिथे हँडलच्या खालच्या बेअरिंगची रेस बसते त्या पायरीपर्यंतचं सरळ अंतर.

हे माप पुढचं चाक हवेत धरून, फोर्क पूर्ण उघडलेला असताना घे. तुझा अडकतो आहे, तेव्हा हाताने ओढून पाहा. पूर्ण उघडत नसेल तर मागच्या बाजूच्या स्टिकरवर मॉडेलचं नाव सापडेल, त्यावरून कंपनीचा आकडा काढ. १०० मिमी हलणारा २७.५ इंची फोर्क साधारण ४९० मिमीच्या आसपास भरतो.

पण तेवढ्याच लांबीचा साधा फोर्क घ्यायचा नाही. इथे बरेच जण चुकतात. तू सीटवर बसलास की जुना फोर्क तुझ्या वजनाने थोडा खाली बसत होता. सायकल खरी चालत होती ती त्या बसलेल्या उंचीवर. नवा फोर्क बसणारच नाही, म्हणून त्याची लांबी तेवढी कमी हवी. धडधाकट फोर्क असता तर नळीला एक केबल टाय बांधून सीलला टेकवायला सांगितलं असतं. भिंतीचा आधार घेऊन नेहमीच्या पोशाखात, पाठीवरच्या पिशवीसकट बसायचं, हलकेच उतरायचं आणि टाय व सील यांत पडलेलं अंतर मोजायचं. तुझ्या अडकलेल्या फोर्कवर या मापाचा भरवसा नाही. एकूण हालचालीचा पाचवा भाग धर, म्हणजे २० मिमी. ४९० मधून २० गेले, ४७०. याच्या आसपासचा, पाच-दहा मिमी इकडेतिकडे, असा फोर्क शोध. दुकानात ‘सस्पेन्शन करेक्टेड’ म्हणून मागितलास तर जाणत्या माणसाला कळेल.

लांबी चुकली तर काय होतं तेही ऐक, म्हणजे स्वस्त मिळाला म्हणून जुन्या २६ इंची सायकलीचा फोर्क उचलून आणणार नाहीस. ढोबळ हिशेब असा, की पुढचं टोक २० मिमी खाली आलं की हँडलचा कोन सुमारे एका अंशाने उभा होतो आणि पेडलचा आस आठ-एक मिमी खाली येतो. तो जुना फोर्क जेमतेम ४०० मिमीचा असतो. मग हिशेब तूच कर. कोन साडेतीन अंशांनी बदलेल, सायकल उतारावर नाकावर पडल्यासारखी वाटेल, हँडल जरा हललं की चाक झटकन वळेल, पेडल दगडांवर आपटतील. शिवाय पुढचं चाक पायाजवळ येतं आणि सावकाश वळताना बुटाचं टोक टायरला लागतं. आणि त्या फोर्कच्या माथ्यात तुझं मोठं चाक मावणारच नाही, हे वेगळंच. उलट गरजेपेक्षा लांब फोर्क घातलास तर चढावर पुढचं चाक भरकटतं आणि फ्रेमच्या गळ्यावर, म्हणजे फोर्क ज्या नळीत बसतो तिच्यावर, जास्त ताण येतो.

लांबी जमली की फोर्कची त्या गळ्यात जाणारी वरची दांडी पाहा. ती वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची, २८.६ मिमीची आहे की खाली दीड इंचापर्यंत रुंद होत जाणारी? फ्रेमचा गळा खालीही अरुंद, ३४ मिमीचा असेल, तर रुंद दांडी त्यात जाणार नाही. जबरदस्ती करू नकोस. उलट गळा रुंद आणि दांडी सरळ असेल तर खालच्या बाजूला योग्य वाटी-रेस घालून काम भागतं. मग आस. तुझ्या चाकाला ९ मिमीची क्विक रिलीज असेल आणि नवा फोर्क १५ मिमीच्या जाड आसाचा आणलास, तर हबची टोकं बदलता येतात का ते आधी विचार. नाही तर नवं चाक घ्यावं लागेल आणि फोर्कपेक्षा तेच महाग पडेल. डिस्क ब्रेकचा कॅलिपर कुठल्या पद्धतीने बसतो तेही पाहून घे. भोकं जुळली नाहीत तर अडॅप्टर मिळतो, पण रोटरचं माप सांगूनच घे. टायरच्या दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा हवी. वेताळ टेकडीवर पावसात गेलास की टायरला चिकटलेली माती किती जाड होते, ते तू पाहिलं आहेसच.

जुना फोर्क काढताना पाना लावायच्या आधी फोनने चार फोटो काढ. रबरी रिंग कुठली खाली, वाटीतली बेअरिंग कोणत्या तोंडाने, हे रात्री दहा वाजता आठवत नाही. खालची रेस जुन्या फोर्कवरून काढताना स्क्रू-ड्रायव्हर एकाच जागी ठोकू नकोस. डावीकडे एक टोला, उजवीकडे एक, असं हळूहळू. नव्या फोर्कवर बसवताना दांडीवरून जेमतेम जाईल असा पाइपचा तुकडा घे आणि रेसच्या फक्त आतल्या कडेवर टेकव. बेअरिंग फिरते त्या भागाला हातोडीचा स्पर्शही नको. लेथवाल्याकडून असा तुकडा कापून घेतलास तर जन्मभर पुरेल. टोल्यांचा बद्द आवाज टणक झाला की समज, रेस पायरीवर बसली. तरी चौफेर पाहा, फट दिसता कामा नये.

आणि आता करवत. पंचवीस वर्षांपूर्वी मी एका गिऱ्हाइकाच्या नव्या फोर्कची दांडी जुन्या दांडीशेजारी धरून, तेवढीच कापून टाकली. गळा तोच, तेव्हा माप तेच, असा माझा विचार. नवा फोर्क खाली आखूड होता, त्यामुळे हँडल दोन बोटं खाली आलं. वर चकत्या घालून उंच करावं तर दांडीच उरली नव्हती. तो माणूस कमरेच्या दुखण्याचा होता. दुसरा फोर्क मी माझ्या पैशाने आणून दिला. पैसे गेले त्याचं नाही, पण वडिलांनी त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं होतं ते अजून आठवतं. जुन्या दांडीवरून नवी कधीही कापू नकोस.

आधी सगळं जोड. हँडल धरणाऱ्या स्टेमखाली चकत्या घाल, स्टेमच्या वरही घाल, आणि दांडी बरीच लांब राहू दे. दांडीच्या टोकापेक्षा चकत्या तीनेक मिमी वर आल्या पाहिजेत, तरच वरची टोपी चकत्यांना दाबेल, नाही तर ती दांडीवरच टेकेल. एवढ्यापुरतीच पहिली कापणी कर. मग आठ-पंधरा दिवस चालव. मनगटं, मान, कंबर काय म्हणतात ते बघ, चकत्या खालवर कर. उंची पक्की झाली की मगच शेवटची कापणी. कापताना दांडीवर दोन होज क्लिपा शेजारी-शेजारी आवळ आणि मधल्या फटीतून ब्लेड चालव, काप सरळ येतो. आतली-बाहेरची कड कानशीने मोड. टोपीचा बोल्ट ज्यात बसतो तो आतला स्टार नट सरळ ठोक, वरच्या कडेपासून साधारण १५ मिमी आत. हे स्टीलचं आणि ॲल्युमिनियमचं. कार्बनची दांडी असेल तर स्टार नट अजिबात नाही, आतून फुगणारा प्लग येतो तोच वापर, आणि ते कापकाम शिकलेल्या माणसाकडून करून घे. ती भुकटी छातीत जायला नको.

टोपीचा बोल्ट फोर्कला धरून ठेवत नाही. तो फक्त बेअरिंगमधली ढिलाई काढतो. धरतो तो स्टेम. म्हणून स्टेमचे बोल्ट सैल असतानाच टोपी हलकेच आवळायची, हँडल आपल्या वजनाने फिरेल आणि खटखट थांबेल इतकीच. मग स्टेम चाकाशी सरळ धरून त्याचे दोन बोल्ट आळीपाळीने, पाव-पाव फेरा. किती आवळायचे ते स्टेमवरच छापलेलं असतं, बहुतेक पाच-सहा न्यूटन मीटर. नंतर पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलव आणि दुसऱ्या हाताची बोटं खालच्या वाटीवर ठेव. टकटक बोटांना कळते, कानाला नंतर.

क्विक रिलीजचा लिव्हर इतका घट्ट हवा की बंद करताना तळव्यावर वळ उठला पाहिजे. डिस्क ब्रेक दाबला की चाक फोर्कमधून निसटायला बघतं. फोर्कच्या टोकाला जे छोटे ओठ असतात ते त्यासाठीच आहेत. चाक पटकन निघावं म्हणून कुणी ते कानशीने काढायला सांगितलं, तर ऐकू नकोस. ब्रेकची केबल फोर्कच्या पायाला दोन ठिकाणी बांध, पण हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ताण येत नाही ना ते पाहूनच.

पहिले दोन दिवस गल्लीतच चालव, ब्रेक जोरात लावून बघ. हाताला दणके बसतील. त्यावर उपाय टायरमध्ये आहे. २.२ इंची टायर, तुझं सत्तर किलो वजन, ट्यूब घातलेली. पुढे ३० पीएसआयपासून सुरू कर आणि हवा थोडी थोडी कमी कर. दगडावर रिम लागून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडली, तर हवा जरुरीपेक्षा कमी झाली असं समज. कोपर सैल ठेव. करंगळीला मुंग्या आल्या तर सोसत बसू नकोस, पकड बदल.

स्टीलचा घेतलास तर पावसाआधी दांडीतून आत थोडं तेल सोडून फोर्क फिरवून घे, आतला गंज बाहेरून दिसत नाही. आणि कुठे जोरात आपटलास तर माथ्याजवळचे जोड पुसून, उन्हात धरून बघ. रंगाला केसाएवढी रेघ दिसली तरी ती सायकल चालवायची नाही, ढकलत घरी आणायची.

अजून पैसे देऊ नकोस कुठे. रविवारी सकाळी सायकल घेऊन ये, येताना जुन्या फोर्कची लांबी, दांडीची खालची-वरची जाडी आणि आसाचं माप कागदावर लिहून आण. पाइपचा तुकडा माझ्याकडे आहे.