कुटू नका, आधी विचारा

गोळी कुटायची, मोडायची किंवा चावायची असेल तर आधी डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचारा. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत घरात म्हातारं माणूस असलेल्या प्रत्येकाला मी हे सांगते, कारण माझ्या सासूबाई पोटात रक्तस्राव होऊन आयसीयूत पोहोचल्या होत्या.

आईंचं वय पंच्याहत्तरीपुढचं, दोन्ही गुडघे झिजलेले. डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक १०० एसआर लिहून दिली. गोळी घशाखाली उतरेना, म्हणून त्यांना सांभाळणाऱ्या बाई ती खलबत्त्यात कुटून मधातून चाटवत. फार मायेने करायच्या त्या. कुटायची नाही हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. केमिस्टने पट्टी कात्रीने कापून दिलेली, त्यामुळे घरी आलेल्या तुकड्यावर ‘एसआर’ ही अक्षरंच नव्हती. हृदयासाठी ॲस्पिरिन ७५ आधीपासून चालू होती. पुढे शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं, उठताना चक्कर येऊ लागली. एंडोस्कोपीत जठरात व्रण दिसला. पोटाच्या डॉक्टरांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवलं नाही. वय, दोन औषधांची जोडी आणि कुटलेली गोळी, तिन्ही त्यांनी मोजल्या.

एसआर गोळीतलं औषध कित्येक तास थोडंथोडं सुटावं अशी तिची घडण असते. ती कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. ईसी लिहिलेल्या गोळीचं आवरण वेगळ्या कामाचं: जठराच्या आम्लात टिकायचं आणि आतड्यात विरघळायचं. आपल्या औषधकोशातली चाचणीही तशीच आहे. गोळी दोन तास सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात, तिला तडासुद्धा जाता कामा नये, मग ६.८ पीएचच्या द्रावणात ती तासाभरात सुटली पाहिजे. म्हणूनच जळजळ होते म्हणून अशा गोळीबरोबरच पातळ अँटासिड घेऊ नये. जठरातलं आम्ल कमी झालं की आवरण तिथेच विरघळू शकतं. दोन्हींत किती अंतर ठेवायचं ते विचारून घ्या.

काही गोळ्यांचा पातळ थर मात्र फक्त कडू चव झाकण्यासाठी आणि गिळायला सोपं जावं म्हणून असतो. नुसत्या रंगावरून किंवा चकाकीवरून हा फरक कळत नाही. त्यासाठी पट्टीवरचं पूर्ण नाव वाचावं लागतं: ईसी, जीआर म्हणजे आम्लात टिकणारी; एसआर, ईआर, पीआर, सीआर म्हणजे हळूहळू सुटणारी. केमिस्ट पट्टी कापायला लागला की नाव, बॅच आणि मुदत असलेला भाग मागा, निदान फोनवर फोटो काढून घ्या. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा; पातळ औषध, विरघळणारी गोळी किंवा गुडघ्याला लावायचं जेल असे पर्याय असतात.

आवरण आहे म्हणून पोट सुरक्षित, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिनसारखी औषधं रक्तात गेल्यावरही जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी द्रव्यं कमी करतात. १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात साध्या आणि आवरणाच्या ॲस्पिरिनमध्ये जठराच्या मोठ्या रक्तस्रावाचा धोका जवळपास सारखाच आढळला. म्हणून साठीपुढच्या माणसाला, आधी अल्सर झालेल्याला, किंवा ॲस्पिरिन वा रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याला दुखण्याची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर सकाळची वाट न पाहता थेट इमर्जन्सी गाठा.

एक अपवाद लक्षात असू द्या. हार्ट अटॅकची शंका असताना डॉक्टर ॲस्पिरिन मुद्दाम चावायला सांगतात, कारण तिथे औषध लगेच लागू पडणं गरजेचं असतं. तेव्हा त्यांचं ऐका.

औषधाचा त्रास झाला तर रुग्ण किंवा घरचं माणूसही तो कळवू शकतं. या नोंदी गाझियाबादच्याच इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये जमा होतात. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४.