काट्याच्या शब्दावर इंजिन खोलू नकोस

जुनी अ‍ॅम्बॅसिडर घेतलीस, बरं केलंस. रंग, क्रोम, सीटकव्हर यांचं तुझं तू बघशील. मला बोलायचं आहे ते ऑइलच्या प्रेशरबद्दल, कारण कोल्हापूरच्या उद्यमनगरात येणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचं इंजिन विनाकारण खोललेलं असतं, आणि उरलेल्यांचं वेळेवर बंद न केल्यामुळे खोलावं लागतं.

त्यामुळे दोन गोष्टी एकदम लक्षात ठेव. चालत्या गाडीत प्रेशरचा दिवा लागला किंवा काटा तळाला गेला, की गाडी कडेला घे आणि इंजिन बंद कर. पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ, घाट उतरून बघू, असलं काही नाही. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात जेमतेम दोन थाऊंची फट असते, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले दोन. त्या फटीत ऑइल आहे तोवर धातूला धातू लागत नाही. ऑइल गेलं की बेअरिंग उडायला काही मिनिटं पुरतात. ही झाली एक गोष्ट. दुसरी अशी, की इंजिन बंद केल्यावर त्याच काट्यावर विश्वास ठेवून ते खोलायला बसू नकोस. गाडी थांबवायला काट्याचा शब्द पुरे, पाना हातात घ्यायला पुरत नाही.

प्रेशर पंप तयार करतो असं सगळे समजतात. पंप फक्त ऑइल ढकलतो. पुढे वाट अरुंद असते म्हणून प्रेशर चढतं. बेअरिंग झिजून फटी वाढल्या की ऑइल सहज निसटतं आणि तोच पंप तेवढंच ऑइल ढकलत असूनही काटा खाली येतो. म्हणून प्रेशर कमी दिसलं की नवा पंप आणायला धावणारा मिस्त्री मला पटत नाही. पंप झिजतो, नाही असं नाही, पण संशयितांच्या यादीत त्याचा नंबर बराच खाली आहे.

सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून कर. गाडी सपाट जागेवर लाव, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांब, मग काठी काढ. पातळी कमी असेल तर वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि काटा थरथरतो. ऑइल भरलं की प्रश्न मिटला. मग गळती कुठे आहे ते शोध. पातळी वाढलेली दिसली तर मात्र जास्त सावध हो. ऑइल आपोआप वाढत नाही. काठी नाकाशी धर. पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय, आणि पेट्रोल इंजिनाच्या बाजूने आत उतरतंय. याच पंपावर उन्हाळ्यात ओलं फडकं टाकून लोक घाट चढायचे, पण पडदा कधी फाटला हे बघायची सवय कुणालाच नव्हती. पातळ झालेलं ऑइल गरम झाल्यावर काय प्रेशर धरणार? पडदा बदल, ऑइल बदल, फिल्टर बदल, मग पुन्हा बघ. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, तो हेड गॅस्केटचा किंवा तडकलेल्या हेडचा विषय, तो वेगळा.

आता काटा आणि दिवा. दिव्याचं साधं आहे. चावी फिरवल्यावर लागला पाहिजे, इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही लागत नसेल तर बल्ब गेलाय किंवा वायर तुटली आहे, आणि तू आंधळा गाडी चालवतोयस. चालू इंजिनला विझत नसेल तर इंजिन बंद कर, चावी चालू ठेव आणि ब्लॉकवरच्या स्विचची वायर काढ. तरीही दिवा जळतोय? मग वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे, इंजिनाचा काही दोष नाही. वायर काढल्यावर विझला, तर स्विच खराब आहे किंवा प्रेशर खरंच नाही, आणि ते गेजच सांगेल.

काट्याच्या गाड्यांना ब्लॉकपासून डॅशबोर्डपर्यंत बारीक नळी जाते. गडहिंग्लजकडच्या एका शेतकऱ्याची गाडी आठवते. वाटेतल्या कुणा मिस्त्रीने इंजिन उतरवायला सांगितलं होतं आणि माणूस पैशांची जुळवाजुळव करून आला होता. नळी सोडली, तर आत काळा चिकट गाळ घट्ट बसलेला. नळी धुऊन लावली, काटा जागेवर आला. चहा पिऊन ते घरी गेले.

म्हणून एक हाताचं मेकॅनिकल गेज विकत घे. कोल्हापुरात मिळतं, मुंबईत ऑपेरा हाउसच्या स्पेअरपार्टच्या बाजारात मिळतं. फार महाग नसतं. स्विच काढून त्या जागी ते बसव. गाडी अर्धा तास चालवून आण, थंड इंजिनचा आकडा काही कामाचा नाही. तुझ्या गाडीत १४८९ सीसीचं जुनं बीएमसीचं इंजिन आहे. १९९२ नंतर आलेल्या १८०० इसुझूचं गणित निराळं. या जुन्या इंजिनाला गरम असताना, टॉप गिअरात पन्नासच्या आसपासच्या वेगाला ५० पौंड आणि आयडलिंगला १५ पौंड मिळाले तर इंजिनाला हात लावू नकोस. म्हाताऱ्या इंजिनाने चाळीस आणि दहा दाखवले तरी मी रात्री शांत झोपतो.

आकडे खरंच कमी आले तर ते कसे कमी आले ते बघ, कारण रोगाची ओळख तिथेच पटते. थंड असताना छान, चालताना बरं, आणि गरम झाल्यावर सिग्नलला उभं राहिलं की पार खाली: ही फटी वाढल्याची खूण. काल चांगलं होतं आणि आज थंड-गरम, हळू-जोरात, सगळीकडेच कमी: हे झिजल्याचं लक्षण नव्हे. झीज एका रात्रीत होत नाही. इथे रिलीफ व्हॉल्व्ह बघायचा.

हा व्हॉल्व्ह ब्लॉकच्या डाव्या अंगाला, मागे, मॅनिफोल्डच्या खाली लपलेला असतो. गोल टोपीचा नट, खाली फायबरचे वॉशर. नट सोडताना बोटाने दाबून धर, स्प्रिंग उडते. स्प्रिंग काढ, तिच्यामागचा व्हॉल्व्ह काढ, दोन्ही केरोसीनमध्ये धू. मग व्हॉल्व्हचं तोंड उजेडात फिरवून बघ. सभोवार एकसारखी चकचकीत कड दिसली पाहिजे. तिथे खाच असेल किंवा कडेला कार्बनचा एखादा कण चिकटलेला असेल, तर व्हॉल्व्ह बंद होतच नव्हता आणि ऑइल सगळं चेंबरात परत जात होतं. कडेला निळा रंग लाव, जागेवर दाबून फिरव, बाहेर काढ. रंग सगळीकडे सारखा पुसला गेला तर ठीक, नाहीतर नवा व्हॉल्व्ह घाल. स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी करून बघ. बुटकी झाली असेल तर फेक. एवढ्यावर बरीच इंजिनं वाचतात.

इथेच एक जुनी लबाडी सांगून ठेवतो. गाडी विकायच्या आधी काही लोक स्प्रिंगमागे एक वॉशर सरकवतात, म्हणजे काटा वर दिसतो. पण व्हॉल्व्ह उघडतो तो जास्त प्रेशरला. आयडलिंगला तो मिटलेलाच असतो, मग वॉशरने तिथे काय फरक पडणार? म्हणून जुनी गाडी घेताना जोरात रेस केलेला आकडा बघू नकोस, गरम इंजिनचं आयडलिंग बघ. दुसरी लबाडी ऑइलमध्ये गिअर ऑइल मिसळायची. असलं घट्ट ऑइल सकाळी थंड इंजिनला वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि सगळ्यात जास्त झीज त्याच वेळात होते. २०डब्ल्यू-५० घाल आणि गप्प राहा.

फटींचाच संशय उरला तर आधी कान लाव, मग चेंबर उतरव. स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला. टॅपेटचा आवाज हलका, टिकटिक, वरून येतो. बिग एंडचा आवाज भरीव आणि खालून येतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडताना जास्त स्पष्ट. एकेका प्लगची वायर काढून बघ. ज्या सिलिंडरची काढल्यावर आवाज मंदावतो, तिथलं बिग एंड वाजतंय. मेन बेअरिंगचा आवाज त्याहून जड, गाडी ओझ्याखाली असताना येणारा. शेवटी ऑइल पांढऱ्या फडक्यावर गाळ आणि उन्हात धर. चंदेरी कण असतील आणि चुंबकाला चिकटत नसतील तर बेअरिंगचा वरचा थर जातोय. तांबूस दिसले तर थर संपून खालचं तांबं लागलंय, आता वाट बघू नकोस.

इंजिन खोललंस तर पुरतं खोल. क्रँक मायक्रोमीटरने मोज. जर्नल लांबट झालं असेल तर ग्राइंडिंग करून दहा, वीस, तीस किंवा चाळीस थाऊ अंडरसाइज बेअरिंग घाल. आणि कॅमचे बुश विसरू नकोस. क्रँक नवा झाला, बेअरिंग नवी आली, तरी प्रेशर अर्धंच, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांचे कॅमचे बुश जुनेच असतात. रॉकर शाफ्टही बघ, तिथूनही ऑइल निसटतं. ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांची बुचं काढून आतून तार फिरव, आणि ती सगळी परत लागली की नाही ते मोजून घे. चेंबरला सिलिकॉन लावताना हात आखडता घे. आत दाबलेले त्याचे तुकडे सुटून पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात.

जोडून झाल्यावर लगेच स्टार्टर मारून इंजिन पेटवू नकोस. पंपात ऑइल भर, चारही प्लग काढ, इग्निशनची वायर सोड आणि नुसतं फिरव. गेजचा काटा हलला की मग प्लग लाव. पहिल्या पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदल, आणि त्या दिवशी गरम इंजिनचे दोन्ही आकडे, टॉप गिअरातला आणि आयडलिंगचा, वहीत तारखेसह लिहून ठेव. पुढच्या वेळी काटा खाली आला की तुलना करायला तेच लागतील.