ज्याला स्वतःच्या मूर्ती राखता आल्या नाहीत, तो आम्हाला काय राखणार?

प्रश्न : पाण्यावाचून मोसंबीची बाग वाळली, मुलगा कामासाठी पुण्याला गेला, घर ओकंबोकं झालं. अशात जांब समर्थच्या मंदिरातली २०२२ ची चोरी सारखी आठवते. ज्या रामाला स्वतःच्या मूर्ती राखता आल्या नाहीत, तो आम्हाला काय राखणार?
– एक वाचक, घनसावंगी तालुका

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. मूर्ती गेली म्हणजे देव गेला का? आणि देव पाठीशी असेल तर दिवस का फिरतात?

आधी मूर्तीचं पाहू. प्राणप्रतिष्ठा करून आपण मूर्तीत देवाला बोलावतो. पार्थिव गणपती तर दरवर्षी आपणच विसर्जित करतो, म्हणून गणपतीवरची श्रद्धा कुणी विसर्जित करत नाही. तेव्हा चोरांनी मूर्ती नेल्या, देव नेला नाही.

त्या मूर्ती ऑगस्टमध्ये गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी शोधून काढल्या. मात्र सापडल्या म्हणून देव खरा, असं म्हणू नका. मग न सापडत्या तर तो खोटा ठरला असता. निकालावर बेतलेला विश्वास पुढच्या दुष्काळात पुन्हा डळमळेल.

आता दुसरी शंका. समर्थ रामदास १६०८ मध्ये जांबलाच जन्मले. वडील सूर्याजीपंत त्यांच्या लहानपणीच वारले. बाराव्या वर्षी ते लग्नमंडपातून निघून गेले, असं परंपरा सांगते. पुढची बारा वर्षं नाशिकजवळ टाकळीला साधनेत गेली. त्यांतली शेवटची वर्षं १६३०–३२ च्या भीषण दुष्काळाची. रामनामानं दुष्काळ टळला नाही आणि समर्थांची रामावरची निष्ठाही ढळली नाही. देव संकट येऊच देणार नाही, असा करार भक्तीत नसतो. संकटात तो आपल्याला टाकत नाही, एवढाच भरवसा असतो, आणि तो पुरतो.

मग भरवसा म्हणजे हात बांधून बसणं का? मुळीच नाही. दासबोधात समर्थांनी प्रयत्नावर जागोजागी भर दिला आहे. देशभर हिंडून आल्यावर त्यांनी १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभं केलं, ठिकठिकाणी मारुती स्थापले, माणसं जोडली.

तेव्हा दिवस पालटतात त्या काळात रोजचा एक नेम धरा. जप असो वा सायंकाळचा दिवा. नेमानं मन थाऱ्यावर येतं आणि थाऱ्यावरच्या मनाला पुढचं काम सुचतं. मुलाशी बोला, पाण्याचा अंदाज घेऊन पीक ठरवा. तेवढं आपल्या हातचं. उरलेलं रामावर सोपवताना संकोच करू नका.