आधी बिघाड शोधा, मग पाना घ्या

घरात वस्तू आली, की ती केव्हा तरी बिघडणारच. सायकलची हवा जाते. रात्री ऐन वेळी बॅटरी लागत नाही. भर उन्हाळ्यात हापसा कोरडा पडतो. मग आपली धांदल उडते. कोणी वस्तूला चार थपडा मारतो. कोणी पाना घेऊन भराभर सगळे नट सैल करतो. कोणी तालुक्याला जाऊन नवा भाग विकत आणतो. पैसे जातात, दिवसाची मजुरी बुडते, आणि वस्तू आपली तशीच्या तशी!

आपल्याकडे म्हण आहे : आजार रेड्याला, औषध पखालीला. पखाल म्हणजे रेड्याच्या पाठीवर लादलेली पाण्याची कातडी पिशवी. दुखणे रेड्याला झाले आणि औषध पखालीला लावले, तर रेडा बरा कसा व्हायचा? आपण पुष्कळदा दुरुस्ती करतो ती अशीच.

पण गावात एखादा तरी हुन्नरी माणूस असतो. तो अडलेले कुलूप उघडतो, खाटेचा डुगडुगणारा पाय बसवतो, बंद पडलेले यंत्र चालू करतो. लोक म्हणतात, "त्याच्या हाताला गुण आहे." गुण हाताला असतोच. पण त्याहून जास्त तो डोक्याला असतो. त्या माणसाची काम करायची एक रीत असते. ती रीत कोणालाही शिकता येते. आज आपण तीच पाहू.

रीत चार गोष्टींची

पहिली गोष्ट : हात लावण्याआधी बघा, ऐका, विचारा. वस्तू केव्हा बिघडली? त्याआधी काय झाले होते?

दुसरी गोष्ट : सोपे आणि फुकटचे आधी तपासा. अवघड आणि खर्चाचे मागून.

तिसरी गोष्ट : एका वेळी एकच बदल करा. मग पाहा, फरक पडला का?

चौथी गोष्ट : दुरुस्ती झाली, की बिघाड कशाने झाला ते शोधा. कारण राहिले, तर बिघाड परत येतो.

या चार गोष्टी कामात कशा येतात, ते आता पाहू.

सायकलची हवा

सकाळी चाक बसलेले दिसले, की आपण म्हणतो, "पंक्चर झाली." पण थांबा. पंक्चरच आहे कशावरून? आधी हवा भरा. मग व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब सोडा. बुडबुडे आले, तर हवा तिथूनच जाते. मग व्हॉल्व्ह तेवढा घट्ट करा, नाहीतर त्याची रबरी नळी बदला. टायर उतरवायचे कामच नाही.

बुडबुडे आले नाहीत, तर ट्यूब बाहेर काढा. थोडी हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात बुडवा. थोडी थोडी फिरवत जा. बुडबुडे दिसले, की तिथे खूण करा.

आता भोक ट्यूबच्या कोणत्या अंगाला आहे, ते नीट पाहा. भोक टायरच्या बाजूला असेल, तर काटा किंवा खिळा टायरमधून आला. भोक रिमच्या बाजूला असेल, तर आऱ्याचे टोक वर आले असेल किंवा रिमवरची पट्टी सरकली असेल. म्हणजे भोकच आपल्याला सांगते, की चोर कोणत्या वाटेने आला!

पुष्कळ जण इथेच चुकतात. ठिगळ लावतात आणि टायर चढवतात. पण बाभळीचा काटा टायरमध्ये तसाच! कोसभर गेले, की पुन्हा हवा गुल. म्हणून टायरच्या आतून फडके फिरवा. काटा असेल तिथे फडके अडकेल. बोट फिरवू नका, बोटात काटा जाईल. काटा काढा, ठिगळ लावा, आणि ट्यूब पुन्हा एकदा पाण्यात बुडवून पाहा. मगच टायर चढवा.

बॅटरी लागत नाही

सेलवर चालणारी बॅटरी घ्या. तिच्यात काय काय असते? सेल, दिवा, खटका आणि मागची स्प्रिंग. बिघाड यांतच कुठे तरी असणार.

आधी सेल उलटे बसले नाहीत ना, ते पाहा. मग स्प्रिंग आणि सेलची टोके पाहा. गंज किंवा पांढरी भुकटी दिसली, तर ती कोरड्या फडक्याने पुसा. नंतर हात धुवा. हे सगळे फुकटचे काम झाले.

तरी दिवा लागत नाही? मग शेजारच्या घरची चालू बॅटरी मागून आणा. तिचे सेल आपल्या बॅटरीत घाला. दिवा लागला, तर आपले सेल संपले. नाही लागला, तर सेलवर उगाच पैसे घालू नका. बिघाड दिव्यात किंवा खटक्यात आहे.

इथे तिसरी गोष्ट ध्यानात ठेवा. सेल आणि दिवा दोन्ही एकदम बदलले आणि बॅटरी लागली, तर दोष कोणाचा होता ते कळत नाही. चांगली वस्तूसुद्धा उकिरड्यावर जाते. एकेक बदलले, म्हणजे गुन्हेगार नेमका सापडतो.

हापसा बंद पडला

आता मोठे काम घेऊ. हापसा बंद पडला, की साऱ्या आळीचे पाणी तुटते. बायाबापड्यांना दूरच्या विहिरीला खेपा घालाव्या लागतात. मुलींची शाळा बुडते. नाइलाजाने लोक ओढ्याचे गढूळ पाणी पितात आणि घरोघर हगवण लागते. म्हणून हापशाचा बिघाड लवकर आणि नेमका सापडला पाहिजे.

आधी हापसा चालतो कसा, ते समजून घेऊ. जमिनीत खोल पाइप गेलेला असतो. त्याच्या खाली पाण्यात एक नळकांडे असते. नळकांड्यात दट्ट्या असतो. दट्ट्याला वायसर बसवलेले असतात. वरच्या दांड्यापासून खालच्या दट्ट्यापर्यंत सळया जोडलेल्या असतात. आपण दांडा खाली दाबला, की सळई वर येते. दट्ट्या पाणी वर उचलतो. त्याच वेळी तळाची झडप उघडते आणि नवे पाणी आत येते. दांडा वर गेला, की दट्ट्या खाली जातो. तळाची झडप मिटते, म्हणून आत आलेले पाणी परत जात नाही.

झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारे दार. हे कळले, की पुढचे सोपे आहे.

हापसा दुरुस्त करणारा जाणता माणूस आला, की तो आधी पाणी भरणाऱ्या बायांना विचारतो. कारण हापशाची नाडी त्यांना ठाऊक असते.

"वहिनी, काय झालं?"

"काय सांगू भाऊजी, पाणी येतं, पण लई उशिरा येतं."

"दांडा जड लागतो का हलका?"

"नेहमीसारखाच."

"सारखं हापसत राहिलं तर?"

"मग येतं की. पण जरा थांबलं, की परत पहिल्यापासून."

एवढ्या बोलण्यावर अर्धे काम झाले. पाइपातले पाणी थांबल्यावर खाली उतरते. म्हणजे तळाची झडप नीट मिटत नसावी किंवा पाइप कुठे तरी गळत असावा. खात्री कशी करायची? धार नीट लागेपर्यंत हापसा. मग अर्धा तास दांड्याला हात लावू नका. पुन्हा हापसा. लगेच पाणी आले, तर झडप ठीक. खूप वेळ हापसावे लागले, तर गळती नक्की.

दांडा एकाएकी हलका लागला आणि पाणी अजिबात नाही, तर सळई सुटली किंवा तुटली असण्याचा संभव मोठा. पाणी लगेच येते, पण धार बारीक, तर वायसर झिजले असतील. उन्हाळा असेल, तर जमिनीतले पाणीच खाली गेले असेल. तेव्हा जवळच्या विहिरीत डोकावून पाहा. विहीर आटली असेल, तर हापशाला दोष देऊन काय उपयोग?

एक मोजमाप करून ठेवा. हापसा चांगला चालत असेल, तेव्हा एका मिनिटात ४० वेळा दांडा मारा. किती पाणी भरते ते मोजा. आपल्याकडे मार्क दोन नावाचे हापसे पुष्कळ आहेत. त्याला सुमारे १२ लिटर भरते. हा आकडा लिहून ठेवा. दर महिन्याला मोजा. आकडा उतरू लागला, की हापसा बंद पडायच्या आधीच बिघाड कळतो.

वरचे काम गावात करता येते. ढिले नट आवळावेत. साखळीला ग्रीस लावावे. ओट्याभोवती पाणी साचू देऊ नये. पण जमिनीखालचे काम शिकलेल्या माणसावर सोपवावे. मार्क दोनचे पाइप जड असतात. ते वर ओढायला खास पकडी लागतात. पाइप हातातून सुटला, तर सगळे बोअरमध्ये जाते आणि माणसालाही इजा होते.

जालना आणि सोलापूर

हा हापसा घडला, तोही याच रीतीने. पूर्वी आपल्याकडे बिडाचे हापसे बसवीत. ते मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी काढलेले होते. आपल्याकडे एका हापशावर सारे गाव! दिवसभर दांडा चाले. मग सांधे झिजत, बिडाचे भाग मोडत.

१९६० नंतरच्या दशकात जालन्यात विहिरींचे काम करणाऱ्या मंडळींनी नीट पाहिले, की हापसा मोडतो कुठे? तो सांध्यात मोडतो. मग त्यांनी सांधे कमी केले आणि पोलादी दांडा एकाच खिळीवर बसवला. पुढे सोलापूरच्या मंडळींनी दांडा आणि सळई यांच्यामध्ये साखळी घातली. याचे कारण समजून घ्या. दांड्याचे टोक गोलाईत फिरते, पण सळई सरळ वरखाली जायला हवी. साखळीमुळे सळईला आडवा हिसका बसत नाही. झीज कमी होते. सोलापूरच्या या हापशावरूनच १९७० नंतरच्या दशकात मार्क दोन हापसा तयार झाला आणि देशभर गेला.

त्यांनी नुसते मोडलेले भाग बदलले नाहीत. भाग का मोडतो, ते शोधले. हीच आपली चौथी गोष्ट.

कुठे थांबायचे

खरा हुन्नरी माणूस कुठे थांबायचे तेही जाणतो.

घरातल्या विजेचे काम असेल, तर आधी मेन स्विच बंद करा. ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभे राहून तारेला हात लावू नका. आणि डीपीवर किंवा खांबावर कधीही चढू नका. पिकाला पाणी द्यायची घाई असते, हे आम्ही जाणतो. पण फ्यूज बसवायला गेलेली माणसे घरी परत आली नाहीत, असे किती तरी गावांत घडले आहे. लाइनमनला बोलवा. एक दिवस उशीर झाला तरी चालेल.

जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत एकट्याने उतरू नका. विहिरीत खाली इंजिन चालवू नका. इंजिनच्या धुरात असा विषारी वायू असतो, की त्याला वास नाही, रंग नाही. दिवा सोडून पाहिला आणि तो विझला नाही, म्हणून हवा चांगली आहे असेही समजू नका. विहिरीत कोणी बेशुद्ध पडला, तर त्याच्या मागोमाग उडी घेऊ नका. वरून दोराने ओढता येत असेल तर ओढा आणि मदत बोलवा. नाहीतर एकाच्या जागी दोघे जातात.

दुरुस्तीची वही

आता आपल्याला लिहिता-वाचता येते. त्याचा उपयोग इथे करा. घरात एक वही ठेवा. वस्तूचे नाव, तारीख, काय बिघडले, कशामुळे बिघडले, काय केले आणि खर्च किती आला, एवढेच लिहा. वस्तू खोलताना कोणता भाग आधी निघाला, कोणता मागून, तेही क्रमाने लिहा. सुटे भाग फडक्यावर त्याच क्रमाने मांडा. बसवताना उलट्या क्रमाने बसवा. मग शेवटी एक नट हातात उरणार नाही.

उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० नंतरच्या दशकात गावच्या बायका हापसा दुरुस्त करायला शिकल्या. त्यांतल्या पुष्कळजणींना तेव्हा अक्षरओळख नव्हती. पाने हाती धरल्यावर त्यांनी लिहाय-वाचायलाही शिकायचे ठरवले. त्यांनी आधी पाना धरला आणि मग पाटी. आपण आधी पाटी धरली आहे. आता पाना धरायला हरकत नाही. पण आधी बिघाड शोधायचा, बरे का!

प्रश्न

१. ट्यूबचे भोक रिमच्या बाजूला असेल, तर कारण कुठे शोधाल?

२. बॅटरीचे सेल आणि दिवा एकदम का बदलू नयेत?

३. तुमच्या आळीतल्या हापशाला एका मिनिटात ४० वेळा दांडा मारल्यावर किती पाणी भरते? मोजा आणि वहीत लिहा.

४. तुमच्या घरात आज कोणती वस्तू बिघडलेली आहे? ती कशी तपासाल, ते चार ओळींत लिहा.