गीतेचा स्वाध्याय : एकांतात आणि मंडळात

गीता घरात आहे, मुखातही आहे, परंतु अभ्यासात नाही, अशी आपल्यापैकी पुष्कळांची स्थिती असते. नित्यपाठ चुकत नाही. स्नान झाले की पंधरावा अध्याय जिभेवरून वाहू लागतो आणि वीस श्लोक संपेपर्यंत मन दुकानात, कचेरीत किंवा मुलीच्या लग्नाच्या जुळवाजुळवीत हिंडून परत येते. पाठाची निंदा करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. सतराव्या अध्यायात स्वाध्यायाच्या अभ्यासास वाणीचे तप म्हटलेलेच आहे. परंतु एखाद्या सायंकाळी शाळकरी मुलगा विचारतो, “बाबा, तुम्ही रोज म्हणता ते झाड उलटे का?” आणि वीस वर्षे पाठ करणाऱ्या पित्यास उत्तर सुचत नाही. मुलगा खेळावयास निघून जातो. पुन्हा विचारीलच असे नाही. गृहस्थाच्या स्वाध्यायात हे पणास लागलेले असते, हे ध्यानात घेऊन अभ्यासाच्या रीतीचा विचार केला पाहिजे.

वेळ मिळत नाही, ही पहिली सबब. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलेली हकीकत या बाबतीत मननीय आहे. 1903 च्या सुमारास जोहान्सबर्ग येथे वकिली आणि सार्वजनिक कार्य यांच्या धकाधकीत त्यांनी गीता मुखोद्गत करण्यास आरंभ केला. त्यासाठी त्यांनी निराळा वेळ काढलाच नाही. सकाळी दात घासण्यास पंधरा मिनिटे आणि स्नानास वीस मिनिटे लागत. दात घासताना समोरच्या भिंतीवर श्लोक लिहिलेले कागद चिकटवून ते तिकडे पाहत, आणि स्नानाच्या वेळी पूर्वीच्या श्लोकांची उजळणी करीत. अशा रीतीने तेरा अध्याय त्यांना पाठ झाले. याच काळात थिऑसॉफिस्ट मित्रांसमवेत एका जिज्ञासू मंडळात नियमित वाचनही चाले. एकांतातील पाठांतर आणि मंडळातील वाचन या दोन्ही वाटा एकाच वेळी चालू होत्या, हे विसरता कामा नये.

एकांतातील अभ्यासाची मुख्य गोष्ट ही की, ग्रंथ मिटून आठवावे. आपण श्लोक पुनःपुन्हा वाचतो, तो परिचित वाटू लागतो, आणि परिचयासच आपण ज्ञान समजतो. पुस्तक मिटून त्याचा अर्थ स्वतःच्या घरगुती भाषेत सांगता येतो की नाही, हीच खरी परीक्षा. आठवताना अडखळावे लागते, ते कष्ट टाळू नयेत. त्या कष्टानेच स्मरण दृढ होते. शिकलेल्या गोष्टींची विस्मृती पहिल्या काही तासांत व दिवसांत सर्वांत वेगाने होते आणि पुढे मंदावते, असे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊस यांनी स्वतःवर प्रयोग करून 1885 साली दाखविले. म्हणून पहिली आवृत्ती दुसऱ्याच दिवशी, नंतरची आठवड्याने, त्यापुढील महिन्याने, असे अंतर वाढवीत न्यावे. आपल्या वेदपाठशाळांत आवृत्तीला इतके महत्त्व का दिले गेले, ते यावरून उमगते.

प्रमाणही बेताचे असावे. गीतेचे श्लोक सातशे. आठवड्यातील पाच दिवस रोज दोन नवे श्लोक घेतले आणि दोन दिवस केवळ उजळणीस ठेवले, तर सत्तर आठवड्यांत, म्हणजे सुमारे सोळा महिन्यांत, ग्रंथ पुरा होतो. उत्साहाच्या भरात एका दिवशी अर्धा अध्याय घेणारा साधक महिन्याभरात थकलेला दिसतो. आहार, निद्रा आणि कर्म यांत युक्तता सांगणाऱ्या सहाव्या अध्यायाला अभ्यासातील अतिरेक तरी कसा मान्य व्हावा?

असो. एकट्याच्या अभ्यासात एक मोठा धोका असतो : आपण आपलेच मत ग्रंथात वाचू लागतो. त्यात शब्दही फसवितात. दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाच्या वर्णनात ‘राग’ हा शब्द येतो. मराठी वाचक त्याचा अर्थ सहजच संताप असा करतो. परंतु त्याच ठिकाणी क्रोधाचा निराळा उल्लेख आहे! तेव्हा राग म्हणजे आसक्ती, ओढ, हे थोड्या विचाराने कळते. पण तो विचार करावयास कोणी थांबवावे लागते. हिंदी भाषिक शेजारी जवळ असेल तर तो तत्काळ थांबवील. बंगाली शेजारी मात्र आपल्यासारखाच चुकेल, कारण त्याच्याही भाषेत राग म्हणजे संतापच. त्याच अध्यायातील ‘प्रसाद’ म्हणजे चित्ताची निर्मळ प्रसन्नता. देवापुढील खडीसाखर नव्हे. इंदूर, हैदराबाद, बडोदे अशा बहुभाषी नगरांत राहणाऱ्या मराठी गृहस्थांस ही मोठीच सोय आहे. प्रत्येकाने आपापल्या भाषेतील अनुवाद घेऊन बसावे, आणि जेथे दोन अनुवाद भिन्न बोलतात तेथे मूळ संस्कृत शब्दापाशी यावे. एका तासात तीन श्लोकच झाले तरी तो तास फुकट गेला असे मी म्हणणार नाही.

गीता हा मूळचाच संवाद आहे. अर्जुन तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी स्पष्ट तक्रार करतो की, तुझ्या बोलण्याने माझी बुद्धी गोंधळते. आणि भगवंत रागावत नाहीत. चौथ्या अध्यायात प्रणिपात व सेवा यांच्या जोडीला ‘परिप्रश्न’ सांगितला आहे, दहाव्यात भक्त परस्परांना बोध करतात असे वर्णन आहे. आपल्या मराठीतील गीताविषयक थोर ग्रंथही श्रोत्यांपुढेच जन्मले. शके 1212 मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी श्रोत्यांस वारंवार संबोधून निरूपण केले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी एकेक अध्याय सांगत, आणि साने गुरुजी ते टिपून घेत. म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहेत. टिपून घेणारा श्रोता केवढे काम करतो, याचे याहून दुसरे उदाहरण कशास हवे?

तथापि मंडळे लवकर मोडतात, आणि बहुधा एकाच कारणाने मोडतात. जो अधिक जाणतो तो बोलू लागतो, इतर ऐकू लागतात, आणि स्वाध्यायाचे प्रवचन होते. प्रवचन वाईट नव्हे, पण ते वेगळे. म्हणून अर्थ सांगण्याची पाळी दर वेळी बदलावी, आणि ज्याची पाळी त्याने घरून तयारी करून यावे. जाणत्याने शेवटी बोलावे. स्त्रियांची पाळी चहाच्या निमित्ताने टळू देऊ नये. तो चहा पुरुषांनीही करावा. ज्ञानोत्तर कर्म की कर्मत्याग, यावर शंकराचार्यांचे भाष्य आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ यांत मतभेद आहे. त्याचा निकाल आपल्या बैठकीत लागणार नाही. दोन्ही पक्ष नीट मांडून पुढील श्लोकाकडे वळावे. सर्व विचार करून मग इच्छेप्रमाणे कर, अशी मोकळीक अठराव्या अध्यायात प्रत्यक्ष भगवंतांनी दिली असता आपण शेजाऱ्यावर मत का लादावे?

जेथे मंडळ जमत नाही, बदलीच्या गावी ओळखी नाहीत, तेथे पतिपत्नी दोघेच बसले तरी चालते. वडील माणसांपैकी कोणी असल्यास उत्तमच. आरंभ बाराव्या अध्यायापासून करणे मला सोयीचे वाटते : श्लोक वीसच, भाषा सोपी, आणि पहिलाच श्लोक अर्जुनाचा प्रश्न आहे. आठवड्यास दोन श्लोक घेतले तर दहा आठवडे. तेराव्या श्लोकापासून भक्ताची लक्षणे येतात, तेथे गती आणखी कमी करावी, आणि घरातील मुलांना शेजारी बसू द्यावे.